ऐन वेळी माघार

माणूस स्वतःचं नुकसान नेमकं कधी करून घेतो, ती वेळ नीट पाहण्यासारखी असते. सगळं अवघड चाललेलं असताना तो सहसा तसं करत नाही. तेव्हा तो झगडतो, रात्री जागवतो, चार जणांना विचारतो, पडेल ते काम करतो. घात होतो तो काम होत आल्यावर. प्रबंधाचं शेवटचं प्रकरण तेवढं राहिलेलं असतं आणि अचानक जुन्या फायली लावायची हुक्की येते. मुलाखतीच्या आदल्या रात्री पहाटेपर्यंत मोबाइल हातातून सुटत नाही. वर्षानुवर्षांच्या एकटेपणानंतर जीव लावणारं कुणी भेटतं आणि त्याच्याच बोलण्यातलं खुसपट काढून अबोला धरला जातो. साखर आटोक्यात येते, डॉक्टर शाबासकी देतात आणि त्याच आठवड्यात पथ्य मोडतं. हातातोंडाशी आलेला घास माणूस आपल्याच हातानं दूर सारतो.

बघणारे म्हणतात, 'आळशी आहे', 'नशिबातच नाही', 'याला चांगलं झालेलं सोसत नाही'. यातलं तिसरं वाक्य बहुधा रागानं बोललं जातं, पण तिघांत तेच मला खरं वाटतं. चांगलं झालेलं खरोखरच सोसत नाही. का सोसत नाही, हे मात्र कुणी विचारत नाही, कारण चांगल्या गोष्टीची भीती कुणाला कशाला वाटेल, असं विचारणाऱ्यालाही वाटतं आणि ज्याला विचारायचं त्यालाही.

पण ती वाटते. एडवर्ड जोन्स आणि स्टीव्हन बर्गलास या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग आहे. विद्यार्थ्यांना बुद्धीची चाचणी म्हणून काही प्रश्न दिले. काहींचे प्रश्न सुटण्याजोगे होते. काहींचे मुळात सुटणारेच नव्हते, अंदाजानं उत्तर ठोकून देण्यापलीकडे त्यांना काही करता येत नव्हतं. नंतर सगळ्यांना सांगितलं, तुम्ही फार छान केलंत. मग दुसऱ्या चाचणीआधी औषध निवडायला सांगितलं. एकानं बुद्धी तल्लख होते, दुसऱ्यानं मंदावते, असं त्यांना सांगितलेलं होतं. औषधं केवळ नावापुरती होती, पाहायची होती ती निवड. आपल्याला यश कशामुळे मिळालं हे ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्यातल्या फार थोड्यांनी बुद्धी मंदावणारं औषध मागितलं. ज्या तरुणांना कौतुक अंदाजपंचे मिळालं होतं, त्यांच्यातल्या बहुतेकांनी मात्र तेच मागितलं.

याचा अर्थ लावताना थोडं थांबावंसं वाटतं. या मुलांना हरायचं नव्हतं. मिळालेलं कौतुक त्यांना टिकवायचं होतं आणि आपण ते पुन्हा मिळवू शकू याचा भरवसा त्यांना नव्हता. औषध घेतलं की निकाल काहीही लागला तरी हुशारी शाबूत राहते. हरलो तर औषधामुळे, जिंकलो तर औषध घेऊनसुद्धा. आदल्या रात्रीचं जागरण, शेवटच्या क्षणी सुरू केलेला अभ्यास, 'तयारीच केली नव्हती रे' हे परीक्षेआधीच जाहीर करून टाकणं, यातलं बरंचसं याच जातीचं असतं. निमित्त आधी तयार ठेवायचं, म्हणजे कस लागलाच नाही असं स्वतःला सांगता येतं.

या प्रयोगात मुलींच्या बाबतीत असा कल दिसला नव्हता. पण त्याच वर्षी पॉलिन क्लान्स आणि सुझान इम्स यांनी कर्तबगार स्त्रियांविषयी एक लेख लिहिला. पदव्या, मानसन्मान, वरिष्ठांची पसंती, सगळं असूनही या स्त्रियांना आतून वाटत होतं की आपण लोकांना फसवतो आहोत आणि कधीतरी हे उघडकीला येणार. मुलगे निमित्त शोधत होते आणि या बायका दुप्पट राबत होत्या. वागणं उलट असलं तरी दोघांच्या मनात उघडं पडण्याची एकच धास्ती होती.

माझ्या एका मैत्रिणीची गोष्ट तिला विचारून सांगते. तिनं एका पाठ्यवृत्तीसाठी अर्ज केला होता, म्हणजे करत आणला होता. मुदत रात्री बारापर्यंत होती. मी तिच्याकडेच होते. मजकूर तयार, शिफारसपत्रं जोडलेली, पडद्यावर खाली 'सादर करा' असं हिरवं बटण. ती वर जायची, तिसऱ्या परिच्छेदातलं 'तरीही' खोडून 'तथापि' करायची, वाचायची, पुन्हा 'तरीही' करायची. मग उठून चार्जरच्या वायरी गुंडाळून ठेवल्या. मग म्हणाली, "अगं, मुदत वाढवून देतील का? विचारू का ईमेलवर?"

"तुला आत्ता काय होतंय?" मी विचारलं.

"काही नाही. दमलेय."

मी गप्प राहिले. तिचा हात गळ्याशी गेला होता आणि ते तिच्या लक्षातही नव्हतं. बऱ्याच वेळानं म्हणाली, "इथं काहीतरी अडकल्यासारखं झालंय." आणि मग, "नाही मिळालं तर मला सवय आहे गं. मिळालं तर?"

पुढे जे बोलली ते अर्जाविषयी नव्हतंच. तिचा दादा अभ्यासात मागे पडायचा. हिचा निकाल आला की आई तो घडी घालून कपाटात ठेवायची. दादाला वाईट वाटू नये म्हणून घरात त्याचा उच्चार होत नसे. कुणी तिला रागावलं नव्हतं, कुणी वाईट हेतूनं काही केलं नव्हतं. पण पुढे गेलं की आपल्या माणसाला लागतं, हे त्या मुलीला फार लवकर कळलं होतं. चाळिशीतल्या बाईचा हात बटणावर थांबला होता तो त्या मुलीमुळे.

त्या रात्री अर्ज गेला. पाठ्यवृत्ती मिळाली नाही. ती रडली, दोन-चार दिवस उदास होती. मग मला म्हणाली, "या वेळी 'नाही' त्यांनी म्हटलं, मी नव्हे." हे वाक्य माझ्या मनात घर करून आहे. तोवरच्या आयुष्यातले कितीतरी नकार तिनं समोरच्याला द्यायची वेळच येऊ दिली नव्हती.

स्वतःच्या वाटेत काटे पेरणाऱ्या माणसाबद्दल जे लिहिलं-बोललं जातं, त्यात आत दडलेल्या शत्रूची भाषा फार असते. त्याला ओळखा, हरवा, चिरडा. मला ही भाषा पटत नाही आणि ती घातकही वाटते. आत जे काही आहे ते शत्रुत्वानं वागत नाही. ते गाव सोडून गेलेल्या मालकाच्या वाड्यावर अजून पहारा देणाऱ्या राखणदारासारखं आहे. कधीकाळी धोका खरा होता, पहारा हवा होता. आता धोका नाही, हे त्याला कुणी येऊन सांगितलेलं नाही. त्याला मारून काय मिळणार? आणि स्वतःशीच सुरू केलेल्या लढाईत जिंकलं कोण आणि हरलं कोण हे तरी कसं ठरवायचं?

हा पहारा इतका चिवट का, याचं उत्तर मला 'सुटका' या एका अनुभवात सापडतं. टाळलं की लगेच बरं वाटतं. फोन करायचा होता, नाही केला. खांदे सैल पडतात, श्वास खाली उतरतो. अवघड बोलणं उद्यावर ढकललं की छातीवरचं ओझं त्याच क्षणी हलकं होतं. मेंदू जवळच्या परिणामावरून शिकतो आणि सर्वांत जवळचा परिणाम असतो ही सुटका. नुकसान येतं ते आठवड्यानं, वर्षानं, तोवर आधीचा धडा पक्का झालेला असतो. म्हणून दर खेपेला टाळणं थोडं आणखी सोपं होत जातं. डायन टाइस आणि रॉय बाउमाइस्टर यांनी १९९७ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या अभ्यासात हे स्पष्ट दिसलं. काम पुढे ढकलणारी मुलं सत्राच्या सुरुवातीला इतरांपेक्षा निवांत होती. सत्र संपत आलं तेव्हा तीच जास्त ताणात आणि जास्त आजारी होती, आणि गुणही त्यांनाच कमी मिळाले. फ्युशिया सिरोइस आणि टिमथी पायकिल हे चालढकलीचा अभ्यास करणारे संशोधक याला नकोशा भावनेपासून तात्पुरता आराम मिळवण्याची धडपड म्हणतात. वेळेचं नियोजन हा भाग त्यात वरवरचा.

म्हणूनच नवी डायरी, नवं वेळापत्रक, पहाटे पाचचा गजर यांनी महिनाभर जोर येतो आणि मग सगळं पूर्वपदावर येतं. ही साधनं वाईट नाहीत. पण ज्याला अर्ज पाठवताना लाज वाटते आहे, त्याला कॅलेंडर देऊन काय होणार? त्याच्याकडे वेळ आहे. त्या वेळात जे वाटतं ते सहन करण्याची ताकद अजून आलेली नाही.

ही ताकद कमावता येते, असं मला ठामपणे वाटतं. पीटर सॅलोव्हे आणि जॉन मेयर यांनी १९९० साली भावनिक बुद्धिमत्तेची संकल्पना मांडली. पुढे त्यांनी तिचे टप्पे सांगितले, त्यांची सुरुवात भावना ओळखण्यापासून होते. मग विचारांना भावनेची मदत घेणं, ती कुठून आली आणि कुठे जाईल हे समजणं आणि शेवटी तिला हाताळणं. पुढे ही कल्पना कार्यालयांच्या प्रशिक्षणवर्गांत गेली आणि तिथे तिला बरंचसं गोड बोलण्याचं, चिडलेल्या ग्राहकाला शांत करण्याचं कौशल्य समजलं गेलं. मला याचं वाईट वाटतं. मूळ मांडणीतली पहिली पायरीच त्यात हरवली. स्वतःच्या पोटात काय चाललंय हे ज्याला कळत नाही, तो दुसऱ्याशी कितीही गोड बोलला तरी ऐन वेळी माघार घेणारच.

आणि ओळखणं वाटतं तितकं सोपं नाही. 'कसं वाटतंय' असं विचारलं की बहुतेकांकडे तीनच उत्तरं असतात : बरं, वाईट, टेन्शन. टेन्शन या एका शब्दाखाली धाकधूक येते, लाज येते, मत्सर येतो, अपराधीपणा येतो, कुणाची तरी आठवण येते. यातल्या प्रत्येकाला वेगळी गोष्ट हवी असते. धाकधूक असेल तर तयारी करून ती कमी होते. लाज तयारीनं कमी होत नाही, विश्वासाच्या एका माणसाजवळ बोलून होते. अपराधीपणा असेल तर खरंच काही चुकलंय का, हे तपासावं लागतं. सगळ्याला टेन्शन म्हटलं की सगळ्यावर उपायही एकच उरतो, तो म्हणजे पळ काढणं.

नाव दिल्यानं काही होतं का, अशी शंका येणं स्वाभाविक आहे. मॅथ्यू लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २००७ साली मेंदूची छायाचित्रं घेऊन हे पाहिलं. राग किंवा भीती दिसणारे चेहरे दाखवून त्यातल्या भावनेचं नाव निवडायला सांगितलं, तेव्हा धोक्याची घंटा वाजवणाऱ्या अमिग्डाला या भागाची हालचाल मंदावली आणि कपाळामागचा एक भाग अधिक कामाला लागला. त्याच चेहऱ्यांना माणसाचं नाव जोडायला सांगितलं, तेव्हा तसं झालं नाही. भावनेचं नाव उच्चारणं हीच एक छोटी कृती आहे, असं मी यावरून समजते. तिनं भीती जात नाही. भीती आणि हात यांच्यामध्ये थोडी जागा तयार होते, एवढंच. पण ऐन वेळी हवी असते ती तेवढीच जागा.

शब्द सापडण्याआधी शरीर सांगून टाकतं, हेही लक्षात ठेवावं. मैत्रिणीचा हात गळ्याशी गेला होता. कुणाचा जबडा आवळतो, कुणाचं पोट खाली जातं, कुणाला अचानक झोप येते. दर वेळी महत्त्वाचं काम उघडलं की जांभया येत असतील, तर त्यांना आळस म्हणण्याची घाई करू नये.

माझ्या मामेभावाचं वेगळंच होतं. घरात चार दिवस शांततेत गेले की पाचव्या दिवशी तो वहिनीशी भांडण उकरून काढायचा. सहलीच्या आदल्या रात्री, वाढदिवसाला, कधी नुसतंच तिनं 'बरं' कुठल्या सुरात म्हटलं यावरून. मामा हसतखेळत घरी यायचे आणि तासाभरात कशावरून तरी भडकायचे, हे त्यानं लहानपणी रोज पाहिलेलं. शांतता म्हणजे वादळाआधीची वेळ, हे त्याच्या अंगात भिनलं होतं. वाट पाहत बसण्यापेक्षा वादळ आपणच आणलेलं बरं, निदान ते कधी येणार हे तरी माहीत असतं. समुपदेशकाकडे बरेच महिने गेल्यावर त्याला हे दिसलं. कळलं म्हणून लगेच थांबलं नाही. एका संध्याकाळी वहिनी काहीतरी गुणगुणत कपडे घड्या घालत होती, तो शेजारी बसला होता, आणि त्याचा जबडा आवळला. वीजबिल भरलं नाहीस ना, हे वाक्य ओठांवर आलेलं. त्यानं ते गिळलं आणि म्हणाला, "सगळं बरं चाललंय ना, म्हणून मला धास्ती वाटतेय." वहिनी घडी घालता घालता थांबली. तो म्हणतो, आयुष्यात इतकं अवघड वाक्य त्यानं दुसरं बोललेलं नाही.

अशा वाक्याची तयारी आधी करून ठेवता येते. पीटर गोलविट्झर या मानसशास्त्रज्ञानं दाखवून दिलं की 'मी सुधारेन' अशा मोघम निश्चयापेक्षा 'अमुक झालं की तमुक करीन' अशी जोडी ठरवून ठेवली तर ती पार पडण्याची शक्यता वाढते. मामेभावाची जोडी साधी आहे. जबडा आवळला की आधी जे वाटतंय ते सांगायचं, तक्रार नंतर. ऐन वेळी विचार करायला सवड नसते, म्हणून विचार आधीच करून ठेवलेला बरा.

तरीही ठरवलेलं कधीतरी मोडणारच आहे. इथे बहुतेक माणसं स्वतःला फोडून काढतात आणि मला वाटतं, खरा घात पहिल्या चुकीपेक्षा या मारहाणीत असतो. एकदा पथ्य मोडलं, 'मी असाच', मग आता उरलेला दिवस कशाला सांभाळायचा? मायकेल वोल, टिमथी पायकिल आणि शॅनन बेनेट यांनी २०१० साली पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांमध्ये पाहिलं की पहिल्या परीक्षेआधी केलेल्या चालढकलीबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केलं, त्यांनी पुढच्या परीक्षेआधी चालढकल कमी केली. हे ऐकून अनेकांना वाटतं, माफ केलं तर माणूस सोकावेल. पण लाजेपासून पळण्यासाठी जी सवय लागली, तिच्यावर आणखी लाज ओतून ती सुटेल कशी? माफी म्हणजे झालं ते झालं असं म्हणून सोडून देणं नव्हे. काय केलं, कुणाचं नुकसान झालं, हे पूर्ण डोळे उघडून पाहायचं आणि तरीही स्वतःला हाकलून द्यायचं नाही. हे झोडपण्यापेक्षा कितीतरी कष्टाचं आहे.

एक इशारा द्यायलाच हवा. 'तूच तुझ्या वाटेत येतोस' हे वाक्य हल्ली फार सहज फेकलं जातं. ज्याला खरोखर संधी नाकारली गेली, ज्याच्या घरात मारहाण होते, जो नैराश्यानं उठू शकत नाही किंवा ज्याचं लक्ष एका जागी ठरत नाही ते मेंदूच्या वेगळ्या घडणीमुळे, त्याला हे वाक्य ऐकवणं क्रूरपणा आहे. तिथे डॉक्टर लागतात, कायदा लागतो, पैसा लागतो, सोबत लागते. आणि प्रत्येक माघार घातकही नसते. बढती नाकारणाऱ्या माणसाला ती बढती खरंच नको असू शकते. फरक ओळखायची माझी खूण अशी : मनापासून दिलेल्या नकारानंतरची शांतता दुसऱ्या दिवशीही असते. पळून मिळवलेली सुटका तासाभरात विरते आणि तिच्या जागी टोचणी येते. ही खूण दर वेळी चालेलच असं नाही, पण बरेचदा तिनं वाट दाखवली आहे.

जवळच्या माणसांचं काय, यावर फारसं बोललं जात नाही. वहिनीला मी एकदा विचारलं. ती म्हणाली, सुरुवातीला त्याचं ते धास्तीचं वाक्य तिला पळवाट वाटली होती. इतकी वर्षं मी ऐकून घेतलं आणि आता याला भीती वाटते म्हणून मीच समजूत काढायची? तिचा राग रास्त होता आणि त्यानं तो ऐकून घेतला. मग दोघांनी ठरवलं की त्यानं धास्ती सांगायची, पण ती घालवायची जबाबदारी तिची नाही. ती फक्त 'ऐकलं' म्हणते आणि आपलं काम पुढे चालू ठेवते. भांडणं अजून होतात. कधी त्याला ते वाक्य वेळेवर सुचतं, कधी दुसऱ्या दिवशी सकाळी. "उशिरा आलं तरी मी ते घेते," वहिनी म्हणाली, "पण आधी माफी मागायची आणि मग कारण सांगायचं, हा क्रम मी त्याला बदलू देत नाही."